सबटायटलवाला सिनेमा घरी कसा बघावा: नौपाड्यातल्या एका हॉलमधून

आमच्या ठाण्याच्या घरी महिन्यातून एका शनिवारी रात्री सात-आठ माणसं जमतात आणि परदेशी नाहीतर कमी पैशांत केलेला स्वतंत्र सिनेमा बघतात. पहिल्या वर्षी शेवटपर्यंत दोघंच उरायचो, मी आणि बायको, आणि त्यातली ती झोपलेली असायची. काय काय चुकलं ते सांगतो, तुमचे दोन-तीन शनिवार तरी वाचतील.

पहिलं काम, सिनेमा शुक्रवारीच ठरवून टाका. सगळे जमल्यावर ओटीटीवर शोधत बसलात तर जेवण होतं, पोस्टर बघून होतात आणि शेवटी कोणीतरी जुनी हिंदी कॉमेडी लावतं.

निवडताना आधी लांबी बघा, पुरस्कार नंतर. मी हौसेने जपानी दिग्दर्शक ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’ने (१९५३) सुरुवात केली. २ तास १६ मिनिटं. अर्ध्या तासात दोघांना घरचे फोन आले म्हणे. आता नवीन माणसाला मी आधी ‘द रेड बलून’ (१९५६) दाखवतो. ३४ मिनिटांचा फ्रेंच सिनेमा, एक मुलगा आणि त्याच्या मागे मागे पॅरिसभर फिरणारा लाल फुगा. बोलणं जवळजवळ नाहीच, त्यामुळे सबटायटलची भीती आपोआप मोडते.

त्यानंतर माजिद मजिदीचा इराणी ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (१९९७). बहिणीचे दुरुस्त करून आणलेले बूट भाऊ हरवतो. बापाकडे नव्याला पैसे नाहीत, म्हणून दोघं भावाच्या एकाच जोडीवर शाळा करतात. ती सकाळची, तो दुपारचा. दोन पाळ्यांची शाळा ठाण्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. माझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून भाची तिच्या कानाशी मराठीत सांगत होती. वीस मिनिटांनी आई म्हणाली, “गप्प बस गं, कळतंय मला.” घरात इंग्रजी न वाचणारं कोणी असेल तर असा एक सांगणारा शेजारी बसवा. डब केलेला सिनेमा मात्र लावू नका. फारसीतली ती पोरं उसन्या आवाजात बोलायला लागली की निम्मा जीव तिथेच जातो.

खोलीची तयारी साधी आहे. दिवे बंद, सबटायटलची अक्षरं सेटिंगमधून मोठी करून घ्यायची, आणि टीव्हीपासून लांबच्या दिवाणावर चष्मेवाल्यांना बसवायचं नाही. खाण्याचा मुद्दा मात्र गंभीर आहे. ताटाकडे बघावं लागेल असं काही देऊ नका. मी एकदा मिसळ मागवली होती; पावात तर्री मुरेपर्यंत पडद्यावर एक लग्न मोडलं आणि निम्म्यांना पत्ताच नाही. मासे तर अजिबात नकोत, काटे बघायचे की सबटायटल? चिवडा, शेंगदाणे, फार तर वडे.

आणि मोबाइलवर बघू नका, विशेषतः लोकलमध्ये. मी ठाणे ते दादर उभ्याने प्रयत्न केलाय. कुर्ल्याला चार ओळी गेल्या, त्यातच नायकाचा बाप वारला.

आता खरी पायरी. जवळ वही ठेवा आणि कंटाळा आला की मिनिट लिहा. ‘संथ आहे’ हे मत नव्हे. ‘चाळिसाव्या मिनिटाला कंटाळलो’ म्हटलं की बोलता येतं, तिथे परत जाऊन बघता येतं. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) आमच्या तिघांच्या वहीत एकच जागा निघाली: सरकारी वकीलबाई लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात, तो भाग. “खटला सोडून हे काय?” असा सूर होता. पुन्हा लावला तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, “अहो, ही तर आपल्यातलीच बाई आहे.” तीच बाई कोर्टात एका म्हाताऱ्या शाहिराला तुरुंगात ठेवायला भांडते. माझ्या मते मराठीत गेल्या वीस वर्षांत इतका थंड डोक्याने केलेला सिनेमा दुसरा नाही.

वही माझ्यावरही उलटली आहे. शांताल आकरमनचा ‘जान दिलमन’ (१९७५) हा ब्रसेल्समधल्या एका विधवेचे तीन दिवस दाखवतो, २०१ मिनिटांत. २०२२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ मासिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात तो पहिला आला. मी सत्तराव्या मिनिटाला लिहिलं, ‘बटाटे. बस्स.’ बायको वाचून म्हणाली, “तुला कंटाळा आला, कारण तू कधी सोलले नाहीस.” तिला कळलं होतं की दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि तिथून त्या बाईची घडी विस्कटायला लागते. मला कळलं नव्हतं. तरीही अर्धा तास कापला असता तर चाललं असतं, हे मी अजून म्हणतो. मोठ्या नावापुढे मान डोलवू नका. कोरियन ‘पॅरासाइट’चा (२०१९) पहिला तास मला फार आवडतो, शेवटचं रक्त सोपी वाट वाटते, आमच्या हॉलमध्ये हे कोणालाच पटत नाही.

सात-आठ महिने झाले की ‘टोकियो स्टोरी’कडे वळा. गावाहून आलेले आईवडील, कामात बुडालेली मुलं, आणि मग म्हाताऱ्यांना अतामीच्या गरम झऱ्यांवर धाडून द्यायचं. आपण टिटवाळ्याच्या गणपतीला धाडतो. ओझूचा कॅमेरा जमिनीलगत असतो, पाटावर बसल्यावर जेवढं दिसतं तेवढ्या उंचीवर. हे आधी सांगून ठेवा, लोक खरंच खाली सतरंजीवर बसून बघतात. दुसऱ्यांदा आमच्याकडे कोणाचा फोन वाजला नाही.

थिएटरात जायचं असेल तर पहिल्याच शनिवार-रविवारी जा. अशा सिनेमाला इथे एखादाच अडनिडा खेळ मिळतो आणि पुढच्या शुक्रवारी तोही जातो. एकदा मी सोमवारवर ढकललं, तर प्रेक्षक नाहीत म्हणून खेळच रद्द झाला.

सिनेमा संपला की लगेच मत विचारू नका. आम्ही खाली उतरून तलावपाळीला एक चक्कर मारतो, चहा घेतो, मग वह्या उघडतात. ज्याच्या वहीत कंटाळ्याची सर्वाधिक मिनिटं, त्याने पुढचा सिनेमा निवडायचा. या वेळी माझ्या भाचीची अकरा निघाली आहेत आणि ती कोरियन भुताटकी आणणार आहे. आई म्हणते, मला सांगायला कोणी नको.