जर्मनीत शिकायला येताय? आधी सत्राच्या तारखा बघून घ्या

मास्टर्ससाठी जर्मनीत येणारी आपली मुलंमुली निघायच्या आधी फोन करतात, तेव्हा प्रश्न ठरलेले असतात. कुकर आणायचा का, ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला सुटणाऱ्या ९९२ युरोंत भागतं का, पार्टटाइम काम लगेच मिळेल का. विद्यापीठाच्या सत्राच्या तारखा क्वचितच कोणी विचारतं. खरं तर इथली दोन वर्षं निवांत जातील की ओढाताणीत, ते बरंचसं त्या तारखांवर ठरतं. खोली, नोकरी, रहिवासाचा परवाना, भारतात जाऊन येणं, सगळं त्यांनाच बांधलेलं आहे.

बहुतेक विद्यापीठांत हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी सत्र १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असतं. हे झालं कागदावरचं. प्रत्यक्ष तास हिवाळ्यात ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत आणि उन्हाळ्यात एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत चालतात. ज्यांना इथे फाखहोखशूल म्हणतात त्या प्रत्यक्ष कामावर भर देणाऱ्या उच्चशिक्षण संस्था साधारण महिनाभर आधी सुरू होतात. मानहाइम विद्यापीठाचं चक्र तर वेगळंच आहे, तिथे तास सप्टेंबरमध्ये सुरू होऊन नाताळाच्या आधी संपतात. म्हणून दुसऱ्या शहरातल्या मित्राच्या तारखा आपल्याला लागू धरू नका.

मधले जे महिने तासांविना असतात, फेब्रुवारी-मार्च आणि ऑगस्ट-सप्टेंबर, त्यांना घरचे सुट्टी समजतात आणि सुरुवातीला आपणही. पण बऱ्याच परीक्षा याच काळात होतात. घरी बसून लिहायचे पंधरा-वीस पानी निबंध, लॅबचे रिपोर्ट, सलग इंटर्नशिप, सगळं याच महिन्यांत येतं. पुण्यात परीक्षा झाली की वर्ष संपतं आणि आपण बॅग भरतो. इथे तास संपले की खरं काम सुरू होतं, असं धरूनच चाला.

क्रेडिटचं गणित एकदा कागदावर मांडून बघा. सत्राला साधारण ३० क्रेडिट घ्यायचे असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. म्हणजे ६ क्रेडिटचा विषय १५० ते १८० तासांचा. वर्ग आठवड्याला ४ तास, असे १५ आठवडे धरले तर होतात ६०. उरलेले तास तुमचे तुम्ही बसून करायचे, आणि केलेत की नाही हे कोणी तपासत नाही. पुष्कळ विषयांत हजेरी नाही, युनिट टेस्ट नाही, शेवटच्या एका पेपरवर सगळे गुण. आठवड्याच्या वेळापत्रकात मोकळे दिसणारे चौकोन मोकळे नसतात ते यामुळे.

विषय निवडताना मॉड्यूल हँडबुकमध्ये, म्हणजे अभ्यासक्रमातल्या सगळ्या विषयांच्या माहितीपुस्तिकेत, तो कोणत्या सत्रात शिकवतात ते आधी बघा. कित्येक विषय वर्षातून एकदाच, फक्त हिवाळ्यात किंवा फक्त उन्हाळ्यात असतात. तो विषय राहिला तर कधी कधी थेट पुढच्या वर्षीपर्यंत थांबावं लागतं आणि थिसिस लांबतो. मी नव्याने येणाऱ्यांना पहिल्याच महिन्यात चारही सत्रांचा तक्ता करायला लावते. पुढे तो बदलतो, बदलू दे. पण कोणता सक्तीचा विषय कोणत्या हिवाळ्यात अडकलाय हे डोळ्यांसमोर राहतं.

परीक्षेची नोंदणी ही वेगळी गोष्ट आहे, आणि इथेच आपली मुलं सर्वांत जास्त अडखळतात. आपल्याकडे एक्झाम फॉर्मची नोटीस लागते, सीआर ग्रुपवर चार वेळा आठवण करतो, तारीख गेलीच तर लेट फी भरून काम होतं. इथे विद्यापीठाच्या पोर्टलवर ठरावीक आठवडे खिडकी उघडते, हिवाळी सत्रासाठी बऱ्याच ठिकाणी नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान, आणि ती बंद झाली की सहसा बंद. विषयाला नाव घातलं म्हणजे परीक्षेलाही घातलं असं होत नाही, ही दोन वेगळी बटणं आहेत. नाव मागे घेण्याचीही मुदत असते. तयारी झाली नसेल तर त्या मुदतीत नाव काढून घ्या, नुसतं गैरहजर राहू नका. बऱ्याच अभ्यासक्रमांत एका परीक्षेला तीनच प्रयत्न मिळतात, आणि न सांगता गैरहजर राहिलात तर त्यातला एक जातो. आजारी पडलात तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लगेच परीक्षा कार्यालयात पोचलं पाहिजे.

आता रुकमेल्डुंग. पुढच्या सत्रासाठी आपली नोंदणी चालू ठेवणं, म्हणजे मुदतीच्या आत सत्राचं शुल्क भरणं. उन्हाळी सत्रासाठी ही मुदत साधारण जानेवारी-फेब्रुवारीत येते, हिवाळी सत्रासाठी जून ते ऑगस्टमध्ये. रक्कम विद्यापीठागणिक बदलते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्यासारख्या युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना त्याशिवाय सत्राला १,५०० युरो फी आहे. ब्लॉक्ड अकाउंटमधून पैसे दरमहा ठरलेलेच सुटतात, एकदम जास्त काढता येत नाहीत. म्हणून त्या महिन्याच्या दोन-तीन महिने आधीपासून बाजूला टाकत चला. पैसे पाठवताना पोर्टलवर दिलेला संदर्भ क्रमांक जसाच्या तसा टाका. त्यात एक आकडा चुकला तरी पैसे कोणाचे ते विद्यापीठाला कळत नाही, आणि तुमच्या नावापुढे थकबाकी दिसत राहते.

मी यावर इतका भर देते, कारण पुढची अख्खी साखळी या एका भरण्यावर उभी आहे. शुल्क जमा झालं की नव्या सत्राचं नोंदणीपत्र पोर्टलवर दिसतं. ते पत्र कंपनीचा एचआर मागतो. परवान्याची मुदत वाढवताना परदेशी नागरिक कार्यालय मागतं. बस-ट्रेनचं सत्र तिकीटही त्या नोंदणीवरच चालतं. शुल्क थकलं तर आधी दंड आणि मग विद्यापीठातून नाव कमी, आणि तुमचा परवाना तर शिक्षणासाठीच दिलेला असतो. मोठ्या शहरांत त्या कार्यालयाची अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, तेव्हा परवान्याचं कार्ड संपायच्या निदान तीन महिने आधी अर्जाच्या मागे लागा. नवं नोंदणीपत्र हाताशी असावं म्हणून शुल्क शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नका.

कामाचंही असंच. मार्च २०२४ पासून आपल्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे. वेर्कश्टुडेंट म्हणजे शिकता शिकता कंपनीत नोकरी करणारा विद्यार्थी म्हणून तास चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करायचं, आणि तास नसताना त्याहून जास्त चालतं. पैशाची गरज मला माहीत आहे, घरी कर्जाचा हप्ता चालू असतो. तरीही पहिल्या हिवाळ्यात जमलं तर काम घेऊ नका, घ्यावंच लागलं तर आठवड्याला दहा तासांच्या आत ठेवा. भाषा नवी, थंडी नवी, दुपारी साडेचारला अंधार आणि फेब्रुवारीत एकदम चार-पाच पेपर. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरपूर काम करता येतं, पण त्यासाठी अर्ज एप्रिल-मेमध्येच गेले पाहिजेत.

खोल्यांचा बाजारही याच चक्रावर फिरतो. १ ऑक्टोबरच्या आसपास प्रत्येक विद्यापीठगावात नवे विद्यार्थी एकदम उतरतात, तेव्हा शोधायला लागणं म्हणजे सर्वांत अवघड वेळ निवडणं. हॉस्टेलचा अर्ज प्रवेश मिळाल्या मिळाल्या करा. काही ठिकाणी तर प्रवेशाआधीही घेतात. नाहीच मिळालं, तर तास नसतात त्या महिन्यांत इथले विद्यार्थी घरी किंवा इंटर्नशिपला जाताना आपली खोली तात्पुरती भाड्याने देतात, ती बघा. फक्त त्या पत्त्यावर महापालिकेत नाव नोंदवता येईल का, हे आधी विचारून घ्या. त्या नोंदणीशिवाय पुढची बरीच कामं अडतात.

एक छोटी खूण. वेळापत्रकात तासाच्या वेळेपुढे ‘सी. टी.’ असं लिहिलेलं दिसलं तर तास पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो. दहा सी. टी. म्हणजे सव्वादहा. ‘एस. टी.’ असेल तर मात्र दहाच्या ठोक्याला, आणि परीक्षेच्या वेळेपुढे काही लिहिलेलं असो-नसो, तुम्ही आधीच पोचा.

सणांचं सांगते, कारण मन तिथेच ओढतं. दिवाळी बहुतेक दर वर्षी ऐन तासांमध्ये येते. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे तास सुरू होऊन तीन-चार आठवडे झालेले असतील. त्यासाठी भारतात जायचा विचार पहिल्या वर्षी तरी सोडा. रविवार आहे, तेव्हा मित्रमैत्रिणींबरोबर फराळ करा, जवळपास मराठी मंडळ असेल तर त्यांच्या कार्यक्रमाला जा. घरी व्हिडिओ कॉल लावताना लक्षात ठेवा, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि भारताशी साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. गणपती मात्र तास नसण्याच्या काळात येतात, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. भारतात जायचंच असेल तर माझं मत सप्टेंबरला. नाताळात विद्यापीठ साधारण दोन आठवडे बंद असतं, पण तिकिटं महाग असतात आणि परीक्षा तोंडावर आलेल्या असतात. ते दोन आठवडे अभ्यासाला सोन्यासारखे आहेत. मेन्झा म्हणजे विद्यापीठाची खानावळ बंद असते, लायब्ररीच्या वेळा आखूड होतात आणि २४ डिसेंबरच्या दुपारनंतर दुकानंही बंद होतात, म्हणून डाळ-तांदूळ, भाजी आधी भरून ठेवा.

सप्टेंबरचं तिकीट काढण्याआधी दोन गोष्टी तपासा. परीक्षेच्या पक्क्या तारखा पोर्टलवर आल्यात का, कारण काही पेपर ऑगस्टमध्ये असतात आणि फेरपरीक्षा सप्टेंबरअखेर, अगदी ऑक्टोबरच्या तोंडावरही लागतात. आणि रहिवासाचं कार्ड परतीच्या तारखेनंतरही चालू आहे का. तारखा आल्या नसतील आणि घरचे घाई करत असतील, तर तारीख बदलता येणारं तिकीट घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.