मुलीच्या नावाचा खरा अर्थ कसा शोधावा

बारसं उरकलं की त्याच संध्याकाळी नातेवाइकांच्या मोबाइलवर गुलाबी कार्ड येऊन पडतं. वर पाळणा, मध्ये नाव, खाली नावाचा अर्थ. त्यातले बरेचसे अर्थ हवेतले असतात. नावांच्या वेबसाइटवर जिथे जाल तिथे अर्थ ठरलेले आहेत: दुर्गेचं एक नाव, सूर्याचा पहिला किरण, नाहीतर राजकुमारी. पाच साइट एकच अर्थ सांगतात म्हणून तो खरा मानू नका. चौघींनी पाचवीचं उचललेलं असतं.

मी नाशिकच्या एका शाळेत संस्कृत शिकवलं. त्यामुळे आमच्या गोतावळ्यात कुणाला मुलगी झाली की फोन मलाच येतो, सिडकोतून येतो तसा कॅनडातूनही. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

१. यादी करा

ती तुम्ही केलेलीच असणार. जन्माक्षर पाळायचं असेल तर नक्षत्राच्या चरणाचं अक्षर पंचांगात छापलेलं असतं. हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ‘ण’ येतो आणि आर्द्राच्या तिसऱ्याला ‘ङ’. तिथे डोकं धरून बसू नका. नावरस नाव वेगळं आणि हाकेचं नाव वेगळं ही आपल्याकडची जुनीच सोय आहे.

२. नाव कोणत्या भाषेचं आहे ते ठरवा

सगळं अडतं ते इथेच. मलाही सुरुवातीला याच पायरीवर घाम फुटायचा. पण बहुतेक लोक ही पायरी ओलांडून थेट ‘अर्थ काय’ विचारतात. भाषा न ठरवता अर्थ विचारण्यात काही अर्थ नाही. एकच उच्चार दोन-तीन भाषांत स्वतंत्रपणे रुजलेला असतो आणि त्या नावांचं आपसात काही नातं नसतं.

‘मल्लिका’ संस्कृत आहे, मल्लिका म्हणजे मोगरा. ‘मलिका’ अरबी आहे, मलिका म्हणजे राणी. मध्ये एका ‘ल’चा फरक. साइटवर मात्र दोन्ही एकत्र कालवून ‘फुलांची राणी’ केलेलं मी वाचलं आहे. लीला म्हणजे खेळ, लैला म्हणजे अरबीत रात्र. ‘नाद्या’ हे रशियन ‘नादेझ्दा’चं लाडाचं रूप, अर्थ आशा. अरबी ‘नादिया’ निराळ्याच मुळाची आहे. आपल्या ‘नाद’शी दोघींचाही संबंध नाही, तरी ‘मधुर नाद’ असा अर्थ लिहून मोकळे होणारे महाभाग आहेत. तारा संस्कृतात चांदणी, बृहस्पतीची पत्नी आणि वालीची राणीही. आयर्लंडमधल्या मुलींचं ‘तारा’ मात्र तिथल्या एका प्राचीन टेकडीवरून आलेलं आहे. माया तर ठायी ठायी भेटते. बुद्धाची आई माया, ग्रीक पुराणात हर्मीसची आई माइया, आणि आपल्या मराठीत माया म्हणजे जिव्हाळा. शिवाय कुणी ‘बक्कळ माया जमवली’ म्हटलं की पैसा.

सध्या सगळ्यात जास्त विचारलं जाणारं नाव म्हणजे ‘कियारा’. इटालियन ‘कियारा’ लॅटिन ‘क्लारा’पासून आलं, अर्थ स्वच्छ, उजळ. आयरिश ‘किआरा’ ज्या शब्दापासून आलं त्याचा अर्थ काळा, म्हणजे काळ्याभोर केसांची. अर्थ अगदी उलट, पण आपल्या कानाला नाव एकच. तुम्ही कुठलं ठेवताय ते तुम्हीच ठरवायचं आहे. संस्कृत मात्र ते नाही, आणि ओढूनताणून करूही नका.

मग भाषा ओळखायची कशी? मी आधी विचारते, हे नाव कुणाच्या आजीचं होतं का? आजी-पणजीपासून ज्या समाजात नाव चालत आलं आहे, त्यांची भाषा आधी तपासायची. देवळालीच्या पारशी घरात ‘अनाहिता’ भेटली तर शोध अवेस्ताच्या, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथाच्या, भाषेत घ्यायचा. ते प्राचीन इराणी जलदेवतेचं नाव आहे, अर्थ निर्मळ, डाग नसलेली. ती भाषा संस्कृतची सख्खी बहीण, म्हणून ‘अनन्या’तला नकाराचा ‘अन्’ तिथेही तसाच दिसतो. ‘परवीन’ फारसी आहे आणि परवीन म्हणजे आपल्या कृत्तिका. एकाच नक्षत्रावरून दोन घरांत दोन मुली! हे असं सापडलं की मला फार बरं वाटतं, आणि ते कार्डावर खुशाल छापा.

आजी सापडली नाही तर नाव फोडून पाहा. संस्कृत नाव बहुधा उपसर्ग, धातू आणि प्रत्यय असं सरळ सुटतं. इथे मात्र सावध राहायला हवं, कारण फोडणं ही फार निसरडी गोष्ट आहे. ‘उमा’ची फोड कालिदासाने ‘कुमारसंभवा’त केली आहे. तपाला निघालेल्या पार्वतीला आई म्हणाली, ‘उ, मा’, अगं, नको! सुंदर आहे, पण ती कवीची फोड आहे. कालिदासाला ती शोभते, म्हणून तुमच्या शेजारच्या काकांनी ‘शनाया’ची केलेली फोडही शोभेल असं नाही.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे एकाक्षरी कोश. त्यात प्रत्येक अक्षराला अर्थ दिलेले असतात. क म्हणजे ब्रह्मा, अ म्हणजे विष्णू, आणि एकेका अक्षराला असे अनेक. ते जोडत गेलं की कुठल्याही नावाचा वाटेल तो अर्थ काढता येतो. ‘टमाटा’चाही निघेल. श्लोकांची कोडी सोडवायला हा कोश ठीक आहे, पण नावाचा अर्थ कुणी त्यातून काढून दिला तर नमस्कार करा आणि विसरून जा.

काही नावं सरळ सरळ बनवलेली असतात. ‘वेनेसा’ हे अठराव्या शतकात जोनाथन स्विफ्टने एका ओळखीच्या बाईच्या नाव-आडनावातले तुकडे जोडून तयार केलं. आपल्याकडेही आई-बापांच्या नावांतली अक्षरं जोडून नाव करतात. माझी काही हरकत नाही. फक्त त्याखाली ‘संस्कृतमध्ये अर्थ’ म्हणून काहीबाही लिहू नका. ‘आम्ही केलं’ असं लिहा.

३. देवनागरीत लिहा, मगच शोधा

इंग्रजी अक्षरांत शोधलंत की श आणि ष, न आणि ण, ऱ्हस्व आणि दीर्घ सगळं सपाट होतं. इंग्रजीत ‘आर-ए-एम-ए’ लिहिलंत तर तो राम, ती रमा आणि ती रामाही. रमा म्हणजे लक्ष्मी, रामा म्हणजे सुंदर स्त्री, आणि राम आपल्या काळारामातला. सर्च इंजिनला काय कळणार?

नेहमीचा घोटाळा ‘ईशा’चा. तालव्य ‘श’ लावला तर ईशा म्हणजे सत्ता, सामर्थ्य. पोटफोड्या ‘ष’ लावला तर ईषा म्हणजे नांगराचा किंवा गाडीचा लांब दांडा. एक आई हे ऐकून खट्टू झाली. मी म्हटलं, अगं, सीता म्हणजे तरी काय? नांगराने जमिनीत पडलेला तास. पंचवटीत सीतागुंफेपुढे रांग लावणाऱ्यांना तो तास चालतो, मग ईषेने काय घोडं मारलं? तिने शेवटी ‘श’च ठेवला. हरकत नाही, पण समजून ठेवला.

जपानमध्ये तर हा प्रश्न रोजचाच. ‘युकी’ एका चित्रलिपीत लिहिलं तर बर्फ, दुसरीत लिहिलं तर सुख. नुसतं ऐकून तिथे कुणी अर्थ सांगणार नाही, लिहून दाखव म्हणेल.

४. त्या त्या भाषेचा शब्दकोश उघडा

संस्कृतला आपटे किंवा मोनियर-विल्यम्स, मराठीला मोल्सवर्थ, फारसीला स्टाइनगास. सगळे इंटरनेटवर फुकट आहेत. कागदावर बोट ठेवून वाचायची सवय असेल तर नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जा, १८४० पासून ते त्यासाठीच उभं आहे. नोंद पूर्ण वाचा, पहिला अर्थ उचलून पळू नका. ‘इरा’ पाहिलंत तर पाणी, पेय, पृथ्वी, वाणी आणि सरस्वती असं सगळं मिळेल. साइटवर त्यातली एकटी सरस्वती उरते.

अमरकोश हाताशी असेल तर आणखी चांगलं. रात्रीच्या शब्दांत तिथे शर्वरी, निशा, विभावरी, रजनी, यामिनी एका ओळीने बसल्या आहेत. ‘विभावरी म्हणजे तेजस्विनी’ वगैरे छापण्याआधी तेवढं बघा. रात्र हा काही वाईट अर्थ नाही.

५. अर्थ विचारावा की ‘कुणाची’ विचारावं?

प्रत्येक नावाला आपल्याला हवा तसा अर्थ नसतोच. नाशिकच्या पांडवलेणीला जा. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. ती गौतमीपुत्र सातकर्णीची आई. लेख तिचा नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षातला. त्यातलं ‘गौतमी’ गोत्रावरून आलेलं आहे, ‘बलश्री’ हे तिचं स्वतःचं नाव. आपण नाशिककर गौतमी म्हटलं की गोदावरीच समजतो, आणि तेही चूक नाही, कारण नदीचं ते नाव गौतम ऋषींवरूनच पडलं. दहाव्या लेण्यात शक क्षत्रप नहपानाच्या मुलीचं, उषवदाताच्या बायकोचं नाव आहे: दक्षमित्रा. तिने एक खोली दान दिली. दोन हजार वर्षांच्या घरातलं हे नाव अजून कुणी ठेवत का नाही, मला कळत नाही.

वैदेही विदेहची, मैथिली मिथिलेची, गांधारी गांधारची, माद्री मद्र देशाची. तिकडे ‘लिडिया’ म्हणजे लिडिया देशातली बाई. जुन्या रोममध्ये मुलीला घराण्याचंच नाव मिळायचं. ज्युलियस घराण्यातली ती ज्युलिया, कॉर्नेलियस घराण्यातली ती कॉर्नेलिया. बहिणी जास्त झाल्या तर ‘तर्शिया’, म्हणजे तिसरी. घानाच्या आकान लोकांत जन्मवारावरून नाव ठेवतात: शनिवारी जन्मली ती अमा, बुधवारी जन्मली ती अकुआ. अशा नावाचा ‘अर्थ’ विचाराल तर उत्तर एवढंच की कुणाची, कुठली, कोणत्या वारची.

काही नावांचं मूळ विद्वानांतही ठरलेलं नाही. ‘मेरी’, म्हणजे हिब्रू ‘मिर्याम’, त्यातलंच एक. तिथे ठाम अर्थ छापणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

अर्थाला काय महत्त्व म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: ‘नकुशी’ हेही नावच होतं, आणि त्याचा अर्थ समजायला कोश लागत नव्हता. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात या नावाच्या दोनशेहून जास्त मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली.

६. हाक मारून पाहा

गॅलरीतून खाली ओरडून, आडनावासकट. आत्यालाही आधी कागदावर लिहून द्या. घुगऱ्या, फुगे आणि ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’च्या गलक्यात तिच्या तोंडून ऐनवेळी भलतंच नाव निघालं तर साडी परत घेता येत नाही.

७. दाखल्यावर नाव घाला

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव त्याच वेळी ठरलेलं असायलाच हवं असं नाही. नोंदीनंतर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. म्हणजे घाईघाईत पाचव्या दिवशी यादीतलं पहिलं नाव ठोकून द्यायची गरज नाही. पण १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टापर्यंत हाच दाखला लागतो, म्हणून लांबवूही नका. मसुदा हातात आला की देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग एकेक अक्षर लावून वाचा, विशेषतः श आणि ष, आणि शेवटच्या ‘आ’साठी एक ‘ए’ लावायचा की दोन. वडिलांनी वाचलं असेल तरी आईने पुन्हा वाचा, आणि मगच सही करा.