खेळ, फिटनेस आणि आरोग्यावरचे इंग्रजी उतारे: आकलनाचा सराव कसा करावा

इंग्रजी आकलनाच्या सरावात खेळ, व्यायाम आणि आरोग्य हे विषय सोपे समजले जातात. सामना म्हणजे काय, चालणं चांगलं असतं, झोप कमी झाली की त्रास होतो, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गोम नेमकी इथेच आहे. अनोळखी विषयावरचा उतारा आला की माणूस निमूटपणे ओळ न् ओळ वाचतो, कारण आधार तेवढाच असतो. आरोग्यावरचा उतारा मात्र अर्धाच वाचला जातो आणि उरलेला अर्धा डोक्यातल्या माहितीने भरला जातो. उत्तर चुकतं, आणि चुकल्यावरही 'पण हे तर खरंच आहे ना!' असा वाद चालू राहतो. म्हणून एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा: प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातल्या ठरावीक ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे. ते जमत नसेल, तर उत्तर बरोबर आलं तरी ते चूक धरायचं.

उतारा निवडताना

सरावाला ३०० ते ४०० शब्दांचा उतारा पुरे. त्यातले कुठलेही सलग १०० शब्द घ्या आणि किती शब्द अडतात ते मोजा. पाचपर्यंत अडत असतील तर उतारा वेळ लावून सोडवा. सहा ते दहा अडले तर घड्याळ बाजूला ठेवून सावकाश वाचा. दहाच्या वर गेले तर तो उतारा सध्या सोडून द्या, कारण तिथे आकलनाची नाही, अंदाजाची परीक्षा होते. खेळाडूंची, संघांची आणि स्पर्धांची नावं या मोजणीत धरू नका.

उतारे साधारण तीन जातींचे असतात: सामन्याचं किंवा शर्यतीचं वृत्त, व्यायामाच्या सूचना देणारा लेख आणि संशोधनाची बातमी. तिन्हींत चुका वेगवेगळ्या होतात. ज्याला क्रिकेट आवडतं तो सामन्यांचीच वृत्तं वाचत बसतो, आणि परीक्षेत हृदयविकारावरचा उतारा आला की गडबडतो. आठवड्यात तिन्ही फिरवून घ्या.

एका बैठकीत काय करायचं

साधारण ४५ मिनिटं हाताशी ठेवा.

१. पहिलं एक मिनिट फक्त मथळा आणि प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य वाचा. उतारा कशाबद्दल आहे ते मराठीत एका वाक्यात लिहून ठेवा.

२. टायमर लावून पूर्ण उतारा वाचा. शब्दकोश बंद. संपल्यावर शब्दसंख्येला लागलेल्या सेकंदांनी भागा आणि ६० ने गुणा. ३६० शब्दांना २ मिनिटं २४ सेकंद, म्हणजे १४४ सेकंद लागले, तर वेग मिनिटाला १५० शब्द.

३. प्रश्न सोडवा, १० प्रश्नांना १२ मिनिटांपर्यंत. प्रत्येक प्रश्नासाठी उताऱ्याकडे परत जा आणि जिथे उत्तर सापडलं त्या ओळीच्या समासात प्रश्नाचा क्रमांक लिहा.

४. उत्तरं तपासण्याआधी, ज्या उत्तरांची खात्री नाही त्यांच्यापुढे टिंब द्या. टिंब असलेलं उत्तर बरोबर निघालं तरी त्याची दुरुस्ती करायचीच.

५. उरलेला वेळ दुरुस्तीला. बैठकीतला सगळ्यात मोठा वाटा हाच असायला हवा. बहुतेकांचं उलट होतं: गुण मोजले की वही बंद.

वेगाच्या मागे लवकर लागू नका. सलग चार-पाच उताऱ्यांत दहापैकी आठ उत्तरं बरोबर येत असतील, तरच वेळ थोडा कमी करा. ओठ हलवत वाचायची सवय असेल तर शब्दांखालून पेन्सिल सरकवत वाचा. नजर तिच्यामागे जाते आणि ओठ मागे पडतात.

सामन्याचं वृत्त

इथे दोन अडचणी असतात. पहिली, एकाच संघाला किंवा खेळाडूला दिलेली अनेक नावं. वृत्तलेखक एकच नाव पुन्हा लिहायला नाखूश असतो. पहिल्या वाक्यात संघाचं नाव येतं, दुसऱ्यात तोच संघ 'द व्हिजिटर्स' होतो, चौथ्यात 'द डिफेंडिंग चॅम्पियन्स'. खेळाडूचंही तसंच: आडनाव, मग 'द लेफ्ट-हँडर', मग 'द ट्वेंटी-थ्री-इयर-ओल्ड'. नवखा वाचक यांना तीन वेगळी माणसं समजतो. उपाय सोपा आहे. दोन रंगांची पेनं घ्या आणि एका बाजूचा प्रत्येक उल्लेख, सर्वनामांसकट, एका रंगाने अधोरेखित करा. 'देअर' आणि 'दे' कुठल्या रंगात जातात हे ठरवताना जिथे हात थबकतो, तिथेच बहुतेक वेळा प्रश्न असतो.

दुसरी अडचण काळाच्या क्रमाची. वृत्त निकालापासून सुरू होतं आणि मग मागे जातं. 'हॅड'पुढे क्रियापदाचं तिसरं रूप दिसलं की ती घटना आधीची: 'शी वन द फायनल, थ्री वीक्स आफ्टर शी हॅड पुल्ड आउट विथ ॲन इंज्युरी' यात माघार आधी, विजय नंतर. समासात बाण काढून घटनांना १, २, ३ असे क्रमांक द्या.

ओळखीची माहिती कशी घुसते तेही या प्रकारात छान दिसतं. समजा उताऱ्यात आहे की रॉजर बॅनिस्टरने ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पळून चार मिनिटांची मर्यादा पहिल्यांदा मोडली आणि तो विक्रम फार टिकला नाही. विधान येतं, आणि ते उताऱ्यानुसार 'ट्रू' (बरोबर), 'फॉल्स' (चूक) की 'नॉट गिव्हन' (उताऱ्यात सांगितलेलंच नाही) हे ठरवायचं असतं: 'जॉन लँडी ब्रोक द रेकॉर्ड'. खेळाच्या इतिहासात रस असलेला वाचक लगेच 'ट्रू' लिहितो, कारण लँडीने २१ जून १९५४ रोजी तो विक्रम खरोखर मोडला होता. पण उताऱ्यात लँडीचं नाव नाही, म्हणून उत्तर 'नॉट गिव्हन'. जास्त माहिती असलेल्याचाच इथे गुण जातो.

व्यायामाच्या सूचना

हा प्रकार आकड्यांचा आणि अटींचा. 'थ्री सेट्स ऑफ ट्वेल्व्ह रेप्स' म्हणजे ३६ वेळा. पुढे 'ऑन ईच साइड' असेल तर ७२. 'एव्हरी अदर डे' म्हणजे दिवसाआड. 'अनलेस' असलेलं वाक्य उलटून वाचावं लागतं: 'डू नॉट ॲड वेट अनलेस यू कॅन फिनिश ऑल थ्री सेट्स' म्हणजे तिन्ही सेट पूर्ण होत असतील तरच वजन वाढवा. 'मस्ट', 'शुड' आणि 'मे वॉन्ट टू' यांत सक्तीची तीव्रता उतरत जाते, आणि पर्यायांत नेमकी हीच अदलाबदल केलेली असते.

शरीराच्या हालचालीचं वर्णन कळलं का, हे तपासायला कागद नको. 'स्टँड विथ युवर फीट शोल्डर-विड्थ अपार्ट, हिंज ॲट द हिप्स, कीप युवर बॅक स्ट्रेट' हे वाचून उभं राहून करून पाहा. 'हिंज' म्हणजे पाठ न वाकवता कंबरेच्या सांध्यातून पुढे झुकणं. तिथे गुडघे जास्त वाकून बैठक झाली तर वाक्य कळलेलं नाही. (एकट्याने सराव करण्याचा हा मोठा फायदा.)

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक सूचना सरावाला उत्तम आहे, कारण एकाच वाक्यात बरंच भरलेलं असतं: प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम तीव्रतेचा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम, किंवा दोन्हींचा तेवढ्याच मोलाचा मेळ, शिवाय दोन किंवा अधिक दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. आता स्वतःला विचारा: ७५ मिनिटं 'मॉडरेट' व्यायाम झाला असेल, तर किमान मर्यादा गाठायला 'व्हिगरस' किती हवा? १५० आणि ७५ च्या तुलनेवरून एक मिनिट जोरदार म्हणजे दोन मिनिटं मध्यम. ७५ मध्यम मिनिटं उरतात, म्हणून साडेसदतीस मिनिटं. हे उत्तर वाक्यात लिहिलेलं नसतं, पण पूर्णपणे वाक्यातूनच निघतं. 'इन्फरन्स' प्रश्नाला हवं असतं ते एवढंच.

परिमाणंही पाठ असू द्या: मैल म्हणजे १.६ किलोमीटर, पाउंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम, ब्रिटिश उताऱ्यातला 'स्टोन' म्हणजे १४ पाउंड. '१२० ओव्हर ८०' हा रक्तदाब असतो, गुणफलक नव्हे.

संशोधनाची बातमी

सगळ्यात जास्त गुण इथे जातात, म्हणून जास्त वेळ इथे द्या. आधी क्रियापदांची उतरंड ओळखा. 'कॉझेस' आणि 'लीड्स टू' म्हणजे कारण ठामपणे सांगितलं आहे. 'कॉन्ट्रिब्यूट्स टू' म्हणजे अनेक कारणांतलं एक. 'इज लिंक्ड टू' आणि 'इज असोसिएटेड विथ' म्हणजे दोन गोष्टी एकत्र आढळल्या, इतकंच. 'मे', 'कुड', 'सजेस्ट्स' म्हणजे लेखक अजून हात राखून आहे. उताऱ्यात 'असोसिएटेड विथ' आणि पर्यायात 'कॉझेस' ही प्रश्नकर्त्यांची जुनी आवडती खोडी. रोज चालणारे लोक निरोगी आढळले, याचा अर्थ चालल्याने ते निरोगी झाले असाच होत नाही; निरोगी होते म्हणून चालू शकले, असंही असेल. चांगल्या उताऱ्यात हा सावधगिरीचा इशारा शेवटच्या दोन परिच्छेदांत असतो, आणि घाईत वाचणारे तिथपर्यंत पोचतच नाहीत.

मग कुणावर अभ्यास झाला ते पाहा. वय, संख्या, कालावधी आणि माणसं होती की उंदीर, या चार गोष्टींना गोल करा. उताऱ्यात 'मेन ओव्हर सिक्स्टी' असताना पर्यायात नुसतं 'पीपल' असेल तर तो पर्याय संशयास्पद. मत कुणाचं आहे तेही समासात लिहा. असे लेख आधी एखादा गैरसमज मांडतात आणि 'हाउएव्हर'नंतर तो खोडतात. वरवर वाचणारा गैरसमजच लेखकाचं मत म्हणून निवडतो.

आकड्यांत 'बाय' आणि 'टू' यांकडे नजर हवी. 'कट हर टाइम बाय फिफ्टी सेकंद्स' म्हणजे पन्नास सेकंदांनी कमी; 'टू फिफ्टी सेकंद्स' म्हणजे पन्नासवर आणली. धोका हजारात दोनवरून हजारात तीनवर गेला तर मथळा '५० टक्के वाढ' असा येतो आणि तो खोटा नसतो. पण प्रत्यक्ष वाढ हजारात एका माणसाची. 'परसेंट' आणि 'परसेंटेज पॉइंट्स' यांतही हाच फरक: १० टक्क्यांवरून १५ टक्के म्हणजे पाच पॉइंट्स, पण ५० टक्के वाढ.

आता एक छोटा उतारा जवळून पाहू:

'मेनी रनर्स स्ट्रेच बिफोर अ रन बिकॉज दे बिलीव्ह इट प्रिव्हेंट्स इंज्युरी. द एव्हिडन्स फॉर धिस इज वीक. हाउएव्हर, अ जेंटल वॉर्म-अप ऑफ फाइव्ह टू टेन मिनिट्स मे इम्प्रूव्ह परफॉर्मन्स, पर्टिक्युलरली इन कोल्ड वेदर.'

पहिलं विधान: 'देअर इज स्ट्राँग एव्हिडन्स दॅट स्ट्रेचिंग प्रिव्हेंट्स इंज्युरी.' दुसऱ्या वाक्यातलं 'वीक' याच्या थेट विरुद्ध, म्हणून 'फॉल्स'. दुसरं: 'स्ट्रेचिंग बिफोर अ रन इज हार्मफुल.' इथे बरेच जण 'ट्रू' लिहितात. पुरावा कमकुवत आहे असं म्हटलंय. अपाय होतो की नाही, याबद्दल अक्षर नाही. 'नॉट गिव्हन'. तिसरं: 'अ वॉर्म-अप मे बी स्पेशली युजफुल व्हेन इट इज कोल्ड.' 'पर्टिक्युलरली' आणि 'स्पेशली' एकमेकांच्या जागी, 'मे' दोन्हीकडे शाबूत, म्हणून 'ट्रू'. 'फॉल्स' आणि 'नॉट गिव्हन' यांत घोटाळा झाला की एकच विचारा: हे विधान खोटं ठरवणारे शब्द मला उताऱ्यात दाखवता येतात का? येत असतील तर 'फॉल्स'.

शब्द

एका उताऱ्यातून पाच-सहाच शब्द घ्या आणि ते सुटे न लिहिता शेजाऱ्यांसकट लिहा. 'रूल्ड आउट'चंच पाहा. 'शी वॉज रूल्ड आउट ऑफ द टुर्नामेंट' म्हणजे ती स्पर्धेबाहेर गेली. 'डॉक्टर्स रूल्ड आउट अ फ्रॅक्चर' म्हणजे हाड मोडलेलं नाही. एक बातमी वाईट, दुसरी चांगली, शब्द तेच. 'टेस्टेड पॉझिटिव्ह' क्वचितच आनंदाचं असतं. 'अपसेट' सामन्यात दुबळ्याने बलवानाला हरवणं, पोटाच्या बाबतीत बिघाड. 'स्प्रेन' अस्थिबंधाचा, 'स्ट्रेन' स्नायूचा किंवा त्याच्या कंडरेचा. आणि 'क्रॉनिक' म्हणजे गंभीर नव्हे, दीर्घकाळ चालणारं. 'ॲक्यूट' म्हणजे अचानक उद्भवलेलं. या दोघांवर चुकणाऱ्यांची संख्या कमी होताना दिसत नाही.

चुकांची वही

प्रत्येक चुकीपुढे तीन गोष्टी लिहा: प्रश्नाचा प्रकार, उताऱ्यातली खरी ओळ आणि कारण. कारणं पाचच पुरतात: शब्द अडला, ओळ सापडली नाही, ओळ सापडली पण चुकीची वाचली, बाहेरची माहिती घुसली, प्रश्नच नीट वाचला नाही. दहा उताऱ्यांनंतर कुठल्या कारणाचा ढीग मोठा आहे ते पाहा. ओळ सापडत नसेल तर पुढचा आठवडा प्रत्येक परिच्छेदाला समासात तीन-चार शब्दांचं नाव देत वाचा. ओळ चुकीची वाचली जात असेल तर त्या ओळीतल्या नकारांना, अटींना आणि 'मे'सारख्या शब्दांना चौकट करा. प्रश्न वाचण्यातच घाई होत असेल तर 'नॉट', 'एक्सेप्ट', 'मेनली' यांखाली रेघ मारल्याशिवाय पर्यायांकडे जाऊ नका. बाहेरची माहिती घुसत असेल तर काही दिवस असे खेळ निवडा ज्यांचे नियमही माहीत नाहीत, कर्लिंग किंवा लॅक्रॉससारखे, आणि मग पुन्हा आवडत्या खेळाकडे या. चुकलेला उतारा आठवड्याने परत सोडवा; तेव्हा उत्तर आठवत असलं तरी ओळ नव्याने शोधायची.