तापाचा आकडा सांगण्याआधी बाळ कसं आहे ते सांगा

लहान मुलांच्या वॉर्डात मी गेली एकोणीस वर्षं परिचारिका आहे. रात्रपाळीला वॉर्डातला फोन वाजला की पलीकडून पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं, "सिस्टर, ताप एकशे तीन आहे, काय करू?" त्यावर मी आधी विचारते, "बाळ आत्ता काय करतंय?" कुणी म्हणतं, "खांद्यावर आहे, मघाशी दूध प्यायलं, आता दिव्याकडे टक लावून बघतंय." कुणी जरा थांबून म्हणतं, "झोपलंय... म्हणजे, उठवलं तरी उठत नाहीये." ताप दोघांनाही तेवढाच. पहिल्या घराला मी औषधाचा हिशेब सांगते. दुसऱ्याला म्हणते, फोन ठेवा आणि आत्ताच निघा.

ताप हा आजार नव्हे, आजाराशी झुंजणाऱ्या शरीराची ती खूण आहे. म्हणून आकड्याच्या मागे धावू नका. मात्र याला एक अपवाद आहे आणि त्यात घासाघीस नाही. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप 100.4 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असेल, तर बाळ कितीही हसरं दिसलं तरी लगेच दवाखाना, मध्यरात्र असली तरी. एवढ्या लहान जिवात रक्ताचा, लघवीचा किंवा मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग बाहेरून काहीही न दाखवता वाढू शकतो. औषध देऊन "सकाळपर्यंत बघू" हे या वयात करायचं नाही. ताप नसूनही बाळ गार, ढिलं पडलं असेल आणि दूध ओढत नसेल, तर तेही तितकंच गंभीर.

ताप मोजायचा तो थर्मामीटरने. कपाळाला हात लावून फक्त शंका येते. काख कोरडी पुसा, थर्मामीटरचं टोक काखेच्या मधोमध ठेवा, हात अंगाशी धरा आणि बीप वाजेपर्यंत सोडू नका. नुकतंच रडून किंवा दुलईतून उठलेलं मूल पंधरा-वीस मिनिटं शांत होऊ द्या, मग मोजा. दात येताना अंग किंचित कोमट लागतं, पण 101-102 ताप दातांवर ढकलू नका. त्यामागे दुसरं काहीतरी असतं.

आता मुलाकडे बघणं म्हणजे नेमकं काय, तर पहिलं, पितंय का. दुसरं, शू होतेय का. सहा-आठ तास लंगोट किंवा डायपर कोरडा असेल, तोंड सुकलं असेल, रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल, तर अंगातलं पाणी कमी झालंय. तिसरं, ताप उतरल्यावर ते कसं आहे. औषधाने ताप खाली आला आणि मूल खेळण्याकडे हात करायला लागलं की आपला जीव भांड्यात पडतो. ताप उतरूनही मलूलच राहिलं, नजर लावत नसेल, तर वाट बघू नका.

चौथं म्हणजे श्वास, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे घरी बघायचं कुणी शिकवतच नाही. मूल शांत असताना किंवा झोपेत सदरा छातीपर्यंत वर करा. दिवा लावा. पोट वर येऊन खाली गेलं की एक श्वास. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान बाळं मध्येच थांबतात आणि मग भराभर श्वास घेतात. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त, हा जलद श्वास. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा 60 च्या वर आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करा. तापात श्वास थोडा वाढतोच, म्हणून ताप उतरल्यावर परत मोजा. मोजताना बरगड्यांच्या खालच्या कडेकडे लक्ष ठेवा. प्रत्येक श्वासाला तिथे खळगा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील किंवा कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर आकडा काहीही असो, निघा.

औषधाकडे येते. घरी द्यायचं ते पॅरासिटामॉल, आणि डोस ठरतो वजनावर. वय बघून देऊ नका. एका वेळेला दर किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये कमीत कमी चार ते सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. घोळ होतो तो बाटलीमुळे. दहा किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम द्यायचं आहे असं धरू. बाटलीवर "5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम" असेल तर सव्वासहा मिलिलिटर. "5 मिलिलिटरमध्ये 250" असेल तर तीनच मिलिलिटर. आणि "1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम" असे ड्रॉप्स असतील तर फक्त दीड. पुष्कळ जणांना वाटतं की ड्रॉप्स तान्ह्या बाळांचे, म्हणजे सौम्य. ते सगळ्यात कडक असतात. सिरपच्या मापाने ड्रॉप्स सहा मिलिलिटर दिले तर दिवसभराचं औषध एका दमात पोटात जातं. त्यामुळे बाटली बदलली की हिशेब नव्याने करा, आणि मापायला सुईविना सिरिंज वापरा. घरातले चमचे एकसारखे नसतात. सर्दीच्या काही औषधांतही पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय दोन बाटल्या एकत्र देऊ नका.

आमच्याच घरी काय झालं ते सांगते. मुलगी चौदा महिन्यांची होती आणि मी ड्यूटीवर. यांनी सहाला औषध दिलं आणि खाली गेले. सातला सासूबाईंनी तिचं अंग तापलेलं बघून पुन्हा दिलं. दोघांनीही मायेनेच दिलं. मी घरी आले तेव्हा दोघंही सांगत होते, "मी औषध दिलंय." माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टरांना फोन करून मिलिग्रॅमची बेरीज केली, धोका नव्हता. पण त्या रात्रीपासून ताप आला की कपाटाच्या दारावर एक कागद लागतो: वेळ, ताप, औषध, किती, कुणी दिलं. दोरीला बांधलेलं पेन तिथेच. डोस द्यायच्या आधी कागद बघायचा आणि दिल्या दिल्या लिहायचं.

मूल शांत झोपलं असेल तर केवळ डोसची वेळ झाली म्हणून उठवू नका. आयबुप्रोफेन हे तापाचं दुसरं औषध सहा महिन्यांच्या आत नको. उलट्या-जुलाबाने सुकलेल्या मुलाला किंवा कांजिण्यांत नको, आणि एरवीही डॉक्टरांनी सांगितलं तरच. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नाही. त्याने यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा रेज सिंड्रोम होऊ शकतो.

गार पाण्याने अंग पुसू नका. कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, मूल कुडकुडतं आणि आतली उष्णता उलट वाढते. स्पिरिट तर अंगाला लावूच नका, ते कातडीतून शोषलं जातं. अंगावर एक सुटसुटीत कपडा आणि खेळती हवा पुरे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको, दूधच पुन्हा पुन्हा पाजा. मोठ्या मुलाला उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग ओआरएस दर एक-दोन मिनिटांनी चमचा-चमचा द्या. घटाघट पाजलं की सगळं बाहेर येतं.

एकदा पहाटे एक वडील मुलीला कवेत घेऊन धावत आले. मुलगी रडत होती, म्हणजे शुद्धीवर होती. रक्त मात्र वडिलांच्या बोटातून वाहत होतं. तिला तापातली आकडी आली, दातखीळ बसली, आणि जीभ आत जाईल या भीतीने त्यांनी बोट घातलं होतं. जीभ गिळली जात नाही. तोंडात बोट, चमचा, पाणी, औषध, काहीही घालू नका. मुलाला जमिनीवर कुशीवर ठेवा म्हणजे लाळ, उलटी बाहेर येईल. गळ्याजवळचं बटण सोडा, हातपाय दाबून धरू नका, आणि घड्याळ बघा. हे घड्याळ बघणं सगळ्यात अवघड, कारण ते दोन मिनिटं दोन तासांसारखे वाटतात. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवा. थांबली तरी पहिलीच वेळ असेल तर लगेच दाखवा. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना अशी आकडी येते. अशा साध्या, थोडा वेळ टिकलेल्या आकडीने मेंदूला इजा होत नाही. आणि त्या वडिलांनी पुढे महिनाभर विचारलेली गोष्ट: तापाचं औषध घड्याळ लावून दिल्याने आकडी टळत नाही. ताप येऊ दिला म्हणून आपलं चुकलं असं मनाला लावून घेऊ नका.

मान ताठ झाली, टाळू फुगली, काचेचा पेला दाबून धरला तरी पुसट न होणारे लालजांभळे ठिपके अंगावर उठले, ओठ निळसर झाले, तर तेव्हा फोनही नको, सरळ निघा. ताप तीन दिवसांच्या पुढे गेला तर मूल बरं दिसत असलं तरी दाखवा.

आणि फोन केलात तर कागद हातात धरून करा. परवा एका आईने एका श्वासात सांगितलं, "सव्वा वर्षाचा, साडेनऊ किलो, कालपासून ताप, शेवटचं औषध साडेअकराला, शू दहाला, श्वास चौतीस, आत्ता मांडीवर बसून दूध पितोय." तिच्याशी माझं बोलणं दोन मिनिटांत संपलं, आणि सकाळी ती ओपीडीच्या वेळेला सावकाश घेऊन आली.