लॅपटॉपच्या प्रोसेसरचा वेग तपासताना या चुका टाळा

बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) एकदाच चालवून त्या आकड्यावर विसंबणं ही सर्वात जास्त दिसणारी चूक. लॅपटॉपचा प्रोसेसर सुरुवातीचे काही सेकंद नेहमीपेक्षा बरेच जास्त वॉट खेचतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये या थोड्या वेळाच्या मर्यादेला पीएल२ आणि कायमच्या मर्यादेला पीएल१ म्हणतात. मुदत संपली (बऱ्याच मॉडेलांत ती २८ सेकंद असते) की वेग उतरतो. हा बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. म्हणून सिनेबेंच आर२३ ही प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी सलग १० मिनिटं चालवा, शेजारी एचडब्ल्यूइन्फो हे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडं ठेवा आणि वेग, वॉट, तापमान हे तिन्ही एकत्र बघा.

तापमान ९५ ते १०० अंशांना टेकून वेग घसरला, तर पंखा, जाळीतली धूळ किंवा थर्मल पेस्टकडे (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वळा. ७० अंशांवरच घसरला, तर अडसर बहुधा वॉटच्या मर्यादेचा आहे. तिथे पेस्ट बदलण्यात पैसे घालवू नका.

भार देऊनही वेग ४०० ते ८०० मेगाहर्ट्झच्या पुढे सरकत नसेल, तर आधी चार्जर तपासा. ६५ वॉट लागणाऱ्या लॅपटॉपला ४५ वॉटचा चार्जर लावला, किंवा पिन खराब होऊन चार्जर ओळखलाच गेला नाही, तर काही लॅपटॉप प्रोसेसरला जबरदस्तीने रोखतात. योग्य क्षमतेचा दुसरा चार्जर लावून बघा. थ्रॉटलस्टॉप या प्रोसेसरच्या मर्यादा बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बीडी प्रॉकहॉटची (बोर्डावरचे इतर भाग प्रोसेसरला वेग कमी करायला सांगतात तो इशारा) खूण काढली की वेग लगेच परत येतो, पण तो घाईचा उपाय आहे: हाच इशारा बोर्डावरचा दुसरा भाग तापल्यामुळेही आलेला असू शकतो. कारण सापडेपर्यंत ती खूण तशीच राहू द्या.

विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के असेल, तर टर्बो (मूळ वेगापेक्षा वर जाण्याची सोय) बहुधा बंद पडतो. लॅपटॉप थंड ठेवायला अनेकजण हे करतात आणि नंतर विसरतात. बॅटरी आणि चार्जर, दोन्ही रकाने बघा. उलट ‘मिनिमम’ १०० टक्के केल्याने कमाल वेग वाढत नाही, रिकाम्या वेळी बॅटरी मात्र जास्त खर्च होऊ शकते.

पॉवर सांभाळणारं सॉफ्टवेअर एकच ठेवा. उत्पादक कंपनीचं अ‍ॅप, विंडोजचा पॉवर मोड आणि थ्रॉटलस्टॉप एकाच वेळी मर्यादा बदलत असतील, तर मोजमापाला अर्थ उरत नाही. लिनक्सवर टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डेमन या पॉवर सांभाळणाऱ्या दोन सॉफ्टवेअरमध्येही हाच झगडा होतो. एक बंद करा. आणि तिथे प्रोसेसरचा वेग सांभाळणारा इंटेल पी-स्टेट ड्रायव्हर अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये असताना गव्हर्नर (वेग ठरवण्याचं धोरण) ‘पॉवरसेव्ह’ दिसला म्हणून घाबरू नका: भार आला की तोही वेग वर नेतो.

बायॉस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्यानंतर पीएल१, पीएल२ बदललेले असू शकतात. त्यामुळे प्रत्येक निकालाशेजारी बायॉसची आवृत्ती, पॉवर मोड आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा.