सातबाऱ्यावरचा जुना बोजा? आधी तारखा मोजा

‘इतर हक्क’च्या रकान्यात आजोबांच्या काळातला गहाणाचा बोजा निघाला, तर घाबरून लगेच पाच-दहा हजार भरून येऊ नका. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ६२ प्रमाणे गहाण मिळकतीवरून पैसे वसूल करायला धनकोने, म्हणजे कर्ज देणाऱ्याने, १२ वर्षांत दावा लावावा लागतो. ही १२ वर्षं रक्कम देय झाल्यापासून धरतात, कर्ज उचलल्यापासून नाही. मुदतीच्या आत कुणी ‘बाकी मान्य’ अशी लेखी सही दिली किंवा स्वतःच्या सहीने हप्ता भरला, तर मोजणी तिथून पुन्हा सुरू. म्हणून आधी पत्र्याच्या ट्रंकेतल्या पावत्या काढा. मात्र मुदत टळली म्हणून नोंद आपोआप पुसली जात नाही. ती काढायला बेबाकी दाखला (कर्ज फिटल्याचा दाखला) किंवा कोर्टाचा हुकूम जोडून तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज द्यावा लागतो.