महापालिकेच्या अर्थसंकल्पात आपलं काम कसं घालायचं

पुणे महापालिकेने 2006-07 पासून नागरिकांकडून अर्थसंकल्पासाठी कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली. ही सोय वाया घालवू नका.

सूचना मागवल्याचं जाहीर झालं की लगेच अर्ज भरा. ‘रस्ता सुधारावा’ असं मोघम लिहिलंत तर अर्ज बाजूला पडलाच म्हणून समजा. माझ्या कर्वेनगरच्या शेजारणीला मी असं लिहून दिलं: ‘दवाखान्यासमोरच्या पदपथाच्या चार फरश्या उखडल्या आहेत, चाकाची खुर्ची रस्त्यावर उतरवावी लागते, फरश्या बदलून उतार करावा.’ जागेची खूण, त्रास कोणाला, उपाय काय, सगळं दोन ओळींत आलं. सोबत फोटो जोडा. जागा महापालिकेचीच आहे ना, हे आधी बघा. सोसायटीच्या आतलं काम होत नाही. शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात दिलात तर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलू नका.

अर्थसंकल्प मांडला गेला की आपलं काम त्यात शोधा. सापडलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाकून आपल्या सूचनेवरच्या निर्णयाच्या नोंदी मागा, अर्जाचं शुल्क फक्त 10 रुपये.

तरी माझं म्हणणं आहे की एवढ्यावर भागत नाही. सूचना घ्यायची की नाही, हे शेवटी महापालिकाच ठरवते. स्वित्झर्लंडमध्ये 18 महिन्यांत 1 लाख सह्या जमल्या, की राज्यघटनेतल्या बदलाचा प्रस्ताव मतदानाला जाऊ शकतो. मग प्रभागातल्या ठरावीक मतदारांनी सह्या केल्यावर पदपथाच्या कामावर प्रभागाचं मत का घेऊ नये? ही मागणीही अर्जाच्या शेवटी लिहा.